अकरा हात माझे, एक त्यांचा

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, तेवढं पुरे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचतात पण वाचले जात नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. हातानेच लिहा, असं तुझ्या वहिनीने बजावलं.

भावोजींना जाऊन चौदा महिने झाले. त्यानंतर आपण एकदाच समोरासमोर आलो. तू दार उघडलंस, मला पाहिलंस आणि आत निघून गेलीस. मी दारातल्या चपलांच्या गर्दीत थोडा वेळ उभा राहिलो आणि जिना उतरलो. तुझा राग मला समजतो. शेवटच्या दिवशी तू तीनदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही.

त्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी कामाचा खोळंबा झाला होता. एका आजोबांची पूर्ण कवळी, वरची आणि खालची, दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे पोचवायची होती. घासायचं मशीन चालू असलं की आमच्या कवळ्या बनवायच्या खोलीत शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही, हे तू एकदा येऊन पाहिलं आहेस. फोन डब्याच्या पिशवीत होता. संध्याकाळी पाहिला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

शाळेत पुन्हा रुजू झालीस असं कळलं. चौथीचा वर्ग आहे म्हणे. मुलं तुला घाबरत असतील. मी तर अजून घाबरतो.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कवळी नव्हती, आजोबाही नव्हते. पत्र पेटीत टाकून घरी आलो तर वहिनीने विचारलं, "खरं लिहिलंत ना?" मी हो म्हटलं. म्हणजे एका दिवसात दोन खोटी झाली.

त्या दिवशी मी माझी स्वतःची तपासणी करून घ्यायला गेलो होतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका लहानशा दवाखान्यात. तिथे फोन बंद ठेवायला लावतात.

कसली तपासणी, हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. भावोजींना झालं तेच मलाही झालंय, असं मला वाटत होतं. 'वाटत होतं' हे आत्ता लिहितोय. तेव्हा माझी खात्री होती.

डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं तो दिवस आठव. भावोजींच्या हातून ब्रश पडायला लागला होता, दुकानाच्या पाटीवरची वेलांटी वाकडी जायला लागली होती, आणि त्यांना वाटत होतं की चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टर म्हणाले, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्यात, याला औषध नाही. तू विचारलंस, "किती दिवस?" भावोजींनी विचारलं, "हातात घेतलेली पाटी पुरी होईल का?" मी काहीच विचारलं नाही. तुला वाटलं असेल, मला धक्का बसलाय. मी टेबलाखाली माझ्या मुठी आवळून बघत होतो, दोन्ही हातांत जोर सारखा लागतो का.

महिनाभरात माझी उजवी पोटरी फडफडायला लागली. पापणी फडफडते ना, तशी. मग मी पोटरीकडेच बघत बसलो, तर दंडही फडफडला. कामावर दर तासाला संडासात जाऊन टाचांवर चालून बघायचो, पाऊल लुळं पडतंय का. आरशासमोर जीभ बाहेर काढून टॉर्च मारायचो. ट, ठ, ड, ढ मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करायचो आणि कालच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघायचो. तीन वर्षांत पाच डॉक्टर झाले, दोनदा डोक्याचा एमआरआय झाला. सगळं ठीक आहे म्हणाले की मी जिन्यावरून उड्या मारत उतरायचो, आणि फाटकापर्यंत पोचेतो वाटायचं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल. वहिनी म्हणायची, "तुमच्या नसांचं मला माहीत नाही, माझ्या मात्र चालल्या."

ऑक्टोबरपासून मी एका डॉक्टरबाईंकडे जातो. मनाच्या. त्या म्हणतात, दुखणं पोटरीत नाही, पोटरीकडे बघण्यात आहे. मला हे पटतं आणि पटत नाही. गेल्या वेळी त्यांनी विचारलं, या सगळ्यात तुमचं सगळ्यात मोठं नुकसान काय झालं. मी म्हटलं, ताई.

तू ज्याला रोज उचलून बसवत होतीस, भरवत होतीस, त्याचा आजार मी घरी बसून धडधाकट अंगाने भोगत होतो. याची मला लाज वाटते. एवढं सांगायचं होतं.

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्या पत्रातही तू खोटं लिहिलं आहेस, म्हणून उत्तर देते आहे.

तो दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्हता आणि लहानही नव्हता. आम्ही त्याच इस्पितळात चौथ्या मजल्यावर होतो आणि तू दुसऱ्या. लिफ्टला गर्दी होती, म्हणून मी जिन्याने औषध आणायला खाली चालले होते. नसांच्या तपासणीच्या खोलीबाहेर तू बाकावर बसला होतास. पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मला आधी वाटलं तू आमच्याकडेच आलास. मी जिन्यातूनच तुला फोन लावला, म्हणजे तू वर बघशील. तू फोन काढलास, नाव बघितलंस आणि उलटा करून मांडीवर ठेवलास.

मी हाक मारली नाही.

मला तुझ्याकडून काही काम नको होतं. श्वासाचं मशीन लावायचं की नाही, ते डॉक्टर विचारत होते. लावलं तर काढता येणार नाही म्हणाले. ह्यांनी नको असं आधीच सांगितलं होतं, पण सही माझी होती. सही करताना शेजारी कुणीतरी बसावं, एवढंच मला हवं होतं. मी एकटीने केली. आजही वर्गात मुलांच्या वह्यांवर सही करताना मध्येच माझा हात थांबतो.

तुझी पत्रं मी फाडली नाहीत, त्याचं कारण तू नाहीस. तू केलेला तो प्लास्टरचा हात आहे. ह्यांच्या उजव्या हाताचा. तो मी खिडकीत ठेवला आहे. नखं, करंगळीवरचा वण, सगळं जसंच्या तसं. तुझा संताप आला की मी त्याच्याकडे बघते आणि म्हणते, ज्याला हे करायचं सुचलं तो अगदीच दगड नसणार.

आता यापुढे लिहिलंस तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी कामाच्या जागी वाचलं आणि नंतर दिवसभर मला मेण कापता आलं नाही. वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "आता हाताचं सांगा." मी म्हटलं, तेवढंच तिच्याजवळ उरलंय, ते कसं काढून घेऊ? ती म्हणाली, "मग तुम्ही चांगले म्हणून राहा तिच्या खिडकीत." आणि उठून गेली. आठ दिवस मी विचार केला. तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

आधी फोनचं. फोन कशासाठी असेल हे मला कळलं होतं. तुम्ही वर आहात हेही माहीत होतं. त्या तपासणीचा नंबर मला दोन महिन्यांनी मिळाला होता आणि माझ्याआधी एकच माणूस उरला होता. उचलला तर उठावं लागेल, उठलो तर नंबर जाईल. एवढाच हिशेब केला. आत त्यांनी पोटरीत सुई घालून बघितलं आणि नस उत्तम आहे म्हणाले. मी खूश झालो, ताई. तू वर सही करत होतीस आणि मी खाली खूश झालो होतो.

आता हात. भावोजी जाण्याआधीच्या ऑक्टोबरात मी दातांचं माप घ्यायची पावडर आणि भांडं घेऊन तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, भावोजींच्या हाताचा ठसा करून देतो, तुला आठवण राहील. त्यांना बोटं स्वतः पसरता येत नव्हती. तू मनगट धरलंस, मी एकेक बोट त्या गुलाबी लापशीत बसवलं. तू रडलीस आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मला तो ठसा तुझ्यासाठी नको होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस त्या आजारात झिजून खड्डा पडतो. तो खड्डा केवढा असतो, हे मला जवळून मोजायचं होतं. मी एका मापातून दोन हात ओतले. एक पॉलिश करून तुला दिला. दुसरा माझ्या कपाटात ठेवला. मग दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या हाताचा ठसा घेऊन त्याच्याशेजारी मांडत गेलो. दातांची जाडी मोजायचा कॅलिपर लावून दोन्हींचे आकडे लिहून ठेवत गेलो. ते गेल्यावरही मी थांबलो नाही.

गेल्या सप्टेंबरात वहिनीने जुने स्वेटर शोधायला ते कपाट उघडलं. मला हाक मारली. तिचा आवाज अगदी साधा होता. "हे बारा हात कुणाचे?"

मी म्हटलं, "अकरा माझे. एक भावोजींचा."

ती पलंगावर बसली. मग म्हणाली, "ताईंना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "एक तर डॉक्टरकडे चला, नाहीतर मी लेकीला घेऊन आईकडे जाते." म्हणून मी त्या डॉक्टरबाईंकडे गेलो. आपल्या अकलेने गेलो नाही.

एक अजून आहे. ते जाण्याआधीच्या डिसेंबरात तू दुकानात गेली होतीस आणि मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बोलणं पूर्ण गेलं होतं. त्यांनी हात चालत होता तेव्हा स्वतःच रंगवलेला अक्षरांचा तक्ता मी समोर धरला आणि विचारलं, "भावोजी, तुम्हाला अगदी पहिल्यांदा काय जाणवलं होतं?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी एकेक अक्षरावर बोट ठेवत गेलो आणि ते पापणी मिटून हो म्हणत गेले. वीस मिनिटं लागली. त्यांना धाप लागली होती. वाक्य असं झालं: "तुला झालेलं नाही. घरी जा."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी कशाला येतो ते. कदाचित पहिल्यापासून.

ते वाक्य मला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी मी मनात म्हटलं, त्यांना काय माहीत, ते काय डॉक्टर आहेत.

याच्याहून वाईट माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

धाकटा


११ मे

ताई,

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाट बघतो. तरी लिही असा आग्रह नाही.

माझे अकरा हात मी फोडले. डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं, त्या फक्त म्हणाल्या होत्या की कपाटाची किल्ली वहिनींकडे द्या. मी ते कामावर नेले आणि टाकाऊ प्लास्टरच्या पिंपात घातले. भावोजींचा फोडला नाही. तो माझा नाही. तू सांगशील ते करीन.

बाईंनी मला आता घरचा अभ्यास दिला आहे. फडफडलं तर बघायचं नाही, शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी वहिनीला विचारायचं बंद केलं आणि लेकीला विचारायला लागलो, "माझं बोलणं जड वाटतंय का गं?" ती तिसरीत आहे. म्हणाली, "बाबा, तुम्ही असंच बोलता." आता तिलाही विचारत नाही.

मागच्या मंगळवारी या अभ्यासातून घसरलो. माल ठेवायच्या खोलीत टाचांवर चालत होतो, तेवढ्यात मालक आत आले. बघतच राहिले. म्हणाले, "नाच शिकतोयस की काय?" मी हो म्हटलं. आता सगळे विचारतात, नाच कुठवर आला. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि मलाही हसू आलं. तीन वर्षांत या गोष्टीवर मी पहिल्यांदा हसलो. मग तुझी आठवण आली आणि हसू गेलं.

धाकटा


९ जून

धाकट्या,

तुझं एप्रिलचं पत्र वाचून मी तो हात टॉवेलमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तीन आठवडे. मग काढला आणि परत खिडकीत ठेवला. तू कशासाठी केलास ते त्यात कुठे दिसत नाही. हात त्यांचाच आहे. दुसरा मला आणून दे. तुझ्याकडे राहायला नको.

"तुला झालेलं नाही, घरी जा" हे वाचून मात्र मी हसले. त्यांचा स्वभाव तसाच. आणि मग पुष्कळ रडले, कारण त्या महिन्यात त्यांनी मला पाणी मागायलाही एवढी अक्षरं खर्च केली नव्हती. ती त्यांनी तुझ्यासाठी खर्च केली. याचा मला राग येतो. तुझा येतो, त्यांचाही येतो.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. ते झालं की आपोआप कळेल.

आता दुसरं. गेला महिनाभर माझी डावी करंगळी बधिर होते. कप दोनदा हातातून सुटला. मी फळ्यासमोर उभी राहून मुलांना भागाकार शिकवते आणि मनात हेच चालू असतं. मैत्रिणींना सांगितलं तर म्हणतील, एवढं केलंस त्याचा मनावर परिणाम झालाय. नाहीतर माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणतील. मला दोन्ही नको आहे. ही भीती कशी असते ते माहीत असलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि दुर्दैवाने तो तू आहेस.

बुधवारी, १७ तारखेला, अकरा वाजता नंबर आहे. त्याच इस्पितळात. येतोस का? येणार नसशील तर आधी कळव.

ताई


१२ जून

ताई,

येतो. साडेदहाला फाटकाशी उभा असेन. आजार तोच असेल का, तोच नसेल का, यावर मी एक शब्दही बोलणार नाही. डॉक्टरांना माझ्याबद्दल काही विचारणार नाही. फोन चालू ठेवीन.

धाकटा


१९ जून

ताई,

परवा सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू खरं तेच लिही म्हणाली होतीस.

तू आत गेलीस तेव्हा बरोबर पाऊण तास लागला. मी बाहेर बसलो होतो. समोर भिंतीवर नसांचं मोठं चित्र होतं, माणसाचं कातडं काढून लाल-निळ्या दोऱ्या दाखवलेल्या. मी खुर्ची फिरवून पाठ केली. पहिला अर्धा तास मी फक्त तुझा विचार केला. हे मी अभिमानाने लिहीत नाही, असं सलग अर्धा तास मला कितीतरी वर्षांत जमलं नव्हतं म्हणून लिहितो.

तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "कोपरात नस दाबली गेली आहे. ह्यांना उचलून उचलून तेव्हाच दुखावली असणार, आता जाणवली. व्यायाम आणि रात्री पट्टा. बरं होईल म्हणाले." मला बरं वाटलं. आणि मग, ताई, एक मिनिटही झालं नसेल, मनात आलं, आपली स्वतःची शेवटची तपासणी होऊन दहा महिने झाले, दार उघडंच आहे, डॉक्टर बसलेलेच आहेत, आत जाऊन एवढं विचारलं तर काय बिघडतं. मी दाराकडे वळलोसुद्धा होतो. तू बघितलंस की नाही माहीत नाही. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या दिवशी, तुझ्या दारात, मी पुन्हा तेच करायला निघालो होतो.

तेवढ्यात तू हात पुढे केलास. सुया घालण्यासाठी त्यांनी तुझी बाही वर करायला लावली होती आणि मनगटाचं बटण तुला लागत नव्हतं. म्हणालीस, "लाव रे जरा."

बटण अगदी बारीक होतं आणि काज घट्ट होतं. पहिल्यांदा ते माझ्या बोटांतून निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. एरवी एवढ्यावर मी आठवडाभर कॅलिपर घेऊन बसलो असतो. परवाही मनात यायचं ते आलंच. पण तू हात पुढे धरून उभी होतीस, मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी तिसऱ्यांदा लावलं.

धाकटा